त्वचेची निगा : नवा व्यवसाय आणि त्याची वेस

मंडळी, तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईचे वारे वाहू लागतात. अशा दिवसांत रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा यांपैकी कोणत्याही गावच्या बाजारातून एक चक्कर मारा. कापडदुकानाच्या माडीवर, नाहीतर एखाद्या घराच्या ओसरीला लागून ‘ब्यूटी पार्लर’ अशी पाटी तुम्हांला हमखास दिसेल. एकेकाळी ही पाटी मोठ्या शहरांपुरतीच होती. आता ती वाशिम जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आली आहे. मग एखादी माउली शाळेत येऊन बाईंना विचारते, ‘बाई, पोरगी धावी पास झाली. तिले पार्लरचं शिकवावं म्हन्तो. कसं वाटते तुमाले?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे नीट उत्तर देता यावे, म्हणून आजच्या या चार गोष्टी.

तसे पाहिले तर हे काम आपल्याला नवे नाही. दिवाळीच्या पहाटेचे उटणे, नवरीची हळद, बाळंतिणीचे तेल-शेक ही त्वचेची निगाच होय. गावच्या बारा बलुतेदारांत नाभिकाचे स्थान होते ते काही उगाच नव्हे. पुढे १९५२ साली टाटांनी ‘लॅक्मे’ ही देशी सौंदर्यप्रसाधने काढली आणि परदेशी डब्यांची जागा हळूहळू देशी डब्यांनी घेतली. आता मात्र हे काम एक शिस्तशीर व्यवसाय होऊ पाहत आहे. त्याला अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रे आहेत आणि कायदेही आहेत.

शिकायचे कुठे, म्हणाल? पहिली पायरी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला लोक ‘आरसेटी’ म्हणतात. या संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या आधाराने चालतात. त्यांच्याकडे ब्यूटी पार्लरचे सुमारे महिन्याभराचे शिक्षण असते. फी नाही, राहण्या-जेवणाचीही सोय असते. दुसरी पायरी आयटीआयची. तेथे ‘बेसिक कॉस्मेटॉलॉजी’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. मात्र तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, तेव्हा प्रवेशाच्या वेळी चौकशी करावी. विज्ञानाची गोडी असणाऱ्या मुलीला आणखीही एक वाट आहे. नागपूरच्या एल.ए.डी. महाविद्यालयात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी, म्हणजे प्रसाधने कशी बनवावीत आणि कशी तपासावीत याचे शास्त्र, शिकवले जाते. हे शिकलेली मुलगी कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम करू शकते. राहिले भांडवल. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि बचत गटाचाही आधार असतोच.

इथवर सारे ठीक. पण आता जे सांगायचे आहे, ते जरा कान देऊन ऐका.

१९९८ पर्यंत आपला वाशिम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. त्या शेजारच्या अकोल्यातील एका घराची ही गोष्ट आहे. २०२२ साली घरातली मुलगी एका स्थानिक ब्यूटिशियनकडून मिळालेली गोरेपणाची क्रीम लावू लागली. रंग उजळला. लोक कौतुक करू लागले. ते पाहून आई आणि मोठी बहीणही तीच क्रीम वापरू लागल्या. काही महिन्यांतच तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेले. क्रीम तपासली, तेव्हा तिच्यात पारा निघाला, आणि तोही मर्यादेच्या कितीतरी पट.

पारा हे काम करतो कसा? आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे एक रंगद्रव्य असते. उन्हातला घातक भाग ते शोषून घेते. सोयाबीनच्या, कपाशीच्या शेतात राबणाऱ्या माणसाची ती निसर्गाने दिलेली छत्रीच समजा. पारा हे रंगद्रव्य तयारच होऊ देत नाही. म्हणून रंग उजळतो. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. मग चेहऱ्यावर व पायांवर सूज येते, लघवीला फेस येतो. सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त पारा नसावा, डोळ्यांच्या प्रसाधनांपुरती थोडी सूट, असा आपल्या देशातील २०२० च्या नियमांचा दंडक आहे. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत नाही, ती डबी घरात आणूच नये. ‘दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना एखाद्या क्रीमवर असेल, तर तीही पाऱ्याची खूण असू शकते.

दुसरे संकट स्टिरॉइडच्या मलमांचे. खाज, गजकर्ण यांसाठी म्हणून आणलेली ट्यूब चेहऱ्याला लावली जाते. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, केस वाढतात. मलम बंद केले की आग होते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते आणि त्या फेऱ्यात सापडते. २०१८ पासून ही मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. ट्यूबवर ‘आरएक्स’ ही खूण दिसली, किंवा बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल असे नाव दिसले, तर ते प्रसाधन नव्हे, औषध आहे, हे ओळखावे.

आता नव्या काळाची हवा पाहा. लेझर, ॲसिडने त्वचेचे थर काढणे, केसांचे रोपण, सलाईनमधून गोरेपणा अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. चार दिवसांत शिकवतो, म्हणून सांगणारेही भेटतात. पण शरीरावर शस्त्र चालवायचे किंवा शरीरात औषध सोडायचे, ते काम वैद्याचे. त्वचेचा डॉक्टर एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षे हेच शिकत असतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केसांच्या रोपणाबद्दल स्पष्ट बजावले की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून झाले, म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे.

म्हणून मंडळी, गावाला जशी वेस असते, तशी या व्यवसायालाही आहे. केस कापणे, धाग्याने भुवया कोरणे, चेहरा स्वच्छ करणे, नवरी सजवणे, मेंदी काढणे हे सारे वेशीच्या आतले. सुई, शस्त्र आणि औषध हे वेशीबाहेरचे. ही वेस ओळखणारी मुलगी गावात टिकते. तिच्याकडे गिऱ्हाईक विश्वासाने येते.

वेशीच्या आतही काही नेम पाळावे लागतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड. एकाच्या रक्ताचा थेंब दुसऱ्याला लागला, तर काविळीचे ‘बी’ आणि ‘सी’ हे प्रकार पसरू शकतात. भुवयांचा धागा तोंडात धरण्यापेक्षा गळ्यात अडकवून काम करावे. टॉवेल दर वेळी धुतलेला. नवी क्रीम किंवा केसांचा रंग लावण्याआधी कानामागे अथवा कोपराच्या आत थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा प्रयोग तर मुळीच करू नये.

आणि एक गोष्ट. पार्लरवाली माणसाची कातडी जितक्या जवळून पाहते, तितक्या जवळून क्वचितच कोणी पाहत असेल. एखाद्या बाईच्या अंगावर फिकट चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श कळत नसला, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अशा वेळी पावडर लावून चट्टा झाकू नये. तिला हलक्या आवाजात सांगावे, ‘ताई, प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा दाखवून या.’ तेथे औषध फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले तर हातापायांना व्यंग येत नाही.

गुरुजी आणि बाई, शेवटचा शब्द तुम्हांला. विज्ञानाच्या तासाला मेलॅनिनचा धडा येईल, तेव्हा वर्गातल्या सावळ्या मुलीकडे पाहून कोणी हसणार नाही, एवढे पाहा. गोरेपणाची हाव घरात शिरते ती दुकानातून नव्हे. ती शिरते सोयरिकीच्या बोलण्यातून, वर्गातल्या थट्टेतून. एखादी रिकामी ट्यूब वर्गात आणा आणि तिच्यावरची बारीक अक्षरे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. हा धडा मुले घरी जाऊन आईलाही शिकवतील.

आणि ती माउली पुन्हा आली, तर तिला खुशाल सांगा : ‘शिकवा पोरीला. पण महिन्याभरात गोरं करून देतो म्हणणाऱ्याकडं नका पाठवू. हात कुठं चालवायचा अन् कुठं थांबवायचा, हे जिथं शिकवतात, तिथं पाठवा.’