आठ अक्षरांची नक्कल

ल्युमिनोमीटरचं झाकण लागलं की आत मिट्ट काळोख असावा लागतो, कारण यंत्र पेशींचा उजेड मोजतं. हा उजेड काजव्याकडून उसना घेतलेला. ज्या जनुकावर विषाणूचा डोळा आहे असा संशय असतो, त्याच्या संदेशाची शेपटी काजव्याच्या ल्युसिफरेज जनुकामागे जोडायची, ही जोडणी पेशींत सोडायची आणि सोबत विषाणूचा मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचे संदेश दाबणारा आखूड आरएनए, द्यायचा. तो शेपटीला चिकटला तर ल्युसिफरेज कमी बनतं आणि आकडा उतरतो.

आमच्या प्लेटमध्ये कापोसी सार्कोमाच्या हर्पिसविषाणूचा मिर-के१२-११ हा मायक्रोआरएनए होता आणि शेपटी बाख-१ जनुकाची. ९६ वेलची प्लेट भरताना कुणी कुणाशी बोलत नाही; कुठल्या रांगेत काय गेलं हे विसरलं, तर दिवस वाया. माझं लक्ष असतं शेवटच्या रांगेकडे. तिथल्या शेपटीत चिकटण्याच्या जागेची मोजकी अक्षरं मुद्दाम बदललेली असतात. तिथे उजेड पूर्ववत दिसला तरच बाकीच्या आकड्यांना अर्थ, नाहीतर पेशीच मरगळल्या असतील.

या विषाणूची चलाखी मात्र स्क्रीनवर जास्त नीट दिसते. त्याच्या मायक्रोआरएनएखाली माणसाचा मिर-१५५ मांडला, की पहिली आठ अक्षरं तंतोतंत जुळतात: यूयूएएयूजीसीयू. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या, पण लक्ष्य हुडकण्याचं काम मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरांवर भागतं. मिर-१५५ पांढऱ्या पेशींच्या वाढीत लुडबुड करतो आणि काही लिम्फोमांत, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगांत, तो प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. ही नक्कल २००७ मध्ये उघड झाली. परकं प्रथिन प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरलं असतं. हा चिमुकला आरएनए सहसा सुटतो.

एप्स्टाईन-बार विषाणूकडे, ज्याच्यात २००४ मध्ये विषाणूंचे पहिले मायक्रोआरएनए सापडले, ही नक्कल नाही. तो बी-पेशीलाच, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीलाच, जास्त मिर-१५५ बनवायला लावतो. काम तेच, खर्च यजमानाचा!

पण प्लेटवरून कळतं ते फक्त चिकटणं. गाठ होते की नाही, हे कोंबड्यांत तपासलं गेलं. त्यांच्यात लिम्फोमा घडवणाऱ्या मॅरेक रोगाच्या विषाणूकडेही तीच आठ अक्षरं आहेत, मिर-एम४ मध्ये. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्यातली दोनच अक्षरं बदलली, तर विषाणूची गाठी घडवण्याची ताकद गेली. मिर-एम४ च्या जागी पेशीचा स्वतःचा मिर-१५५ बसवला, तेव्हा ती परत आली.