मुद्द्याला अर्धा गुण

दहावीच्या सराव परीक्षेचा विज्ञानाचा गठ्ठा सोडला की पहिल्या काही पेपरांनंतर डोळे वाचणं सोडतात आणि शोधायला लागतात. शेजारी नमुना उत्तरांचा कागद असतो, प्रत्येक मुद्द्यापुढे अर्धा किंवा एक गुण मांडलेला. शब्द दिसला की लाल टिक, नाही दिसला की पुढे. निकालाची तारीख ठरलेली असते, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने गठ्ठा उरकतच नाही.

यंदा प्रश्न होता: थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात, शास्त्रीय कारण लिहा. गुण 2. एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पाण्याचे असंगत वर्तन, 4 अंश सेल्सिअसला घनता सर्वाधिक, त्याखाली प्रसरण. सगळं गाइडातलं. शेवटचं वाक्य तेवढं तिचं स्वतःचं, ‘म्हणून पाणी आकसते व नळ फुटतो.’ वरच्या ओळींशी त्याचा काडीचा मेळ नाही. मुद्दे मोजले तर तिला दीड गुण मिळतो.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाचं उत्तर होतं: ‘फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली ठेवली तर तडकते. बर्फ होताना पाण्याला जास्त जागा लागते. नळात पण तसंच.’ असंगत वर्तन नाही, 4 अंश नाहीत. काटेकोर तपासलं तर अर्धा गुण. खरं तर नळ का फुटतो हे या दोघांपैकी त्यालाच कळलं आहे.

पाठांतराशी माझं वैर नाही. 4 अंश हा आकडा लक्षातच ठेवावा लागतो, बाटलीकडे पाहून तो सुचत नाही. पण प्रश्नही पुस्तकातला आणि उत्तरही पुस्तकातलं असेल, तर मुलाला समजलंय की नुसतं पाठ आहे, हे तपासणाऱ्याला ओळखता येत नाही.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने यावर वाट काढली होती. 1972 मध्ये 16 शाळांत तो सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहीत, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. पुस्तक समोरच असलं की व्याख्या विचारण्यात अर्थ राहत नाही. नवी परिस्थिती मांडून विचारावं लागतं. राज्य सरकारने 2002 मध्ये कार्यक्रम बंद केला, पण सरकारी शाळांत 30 वर्षं चाललेल्या गोष्टीला अव्यवहार्य कसं म्हणायचं?

आमच्या घटक चाचणीत मी आता विचारते, ‘ट्रेमध्ये सपाट पाणी ओतलं, सकाळी बर्फाला मध्येच फुगवटा का?’ ‘मॅडम, हे धड्यात नाहीये,’ असं हमखास कुणीतरी म्हणतं. बरेच जण जागा कोरी सोडतात. जे लिहितात त्यांचं प्रत्येक वाक्य वाचावं लागतं, वेळ दुप्पट जातो, आणि त्याच उत्तराला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देऊ शकतात. मंडळाच्या परीक्षेला 15 लाखांच्या आसपास मुलं बसतात, तिथे ही तफावत परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच आधी परीक्षकाचा गठ्ठा लहान करा, तपासणीची मुदत वाढवा, आणि मुद्द्यांऐवजी कारणाला गुण कसे द्यायचे यावर शिक्षकांना एकत्र बसवा. प्रश्नपत्रिका त्यानंतर बदलता येईल.