धावत्या वाहनातील तेलदाबाचा लाल दिवा

नवी मुंबईतील वाशी-तुर्भे येथील घाऊक बाजार राज्यातील भाजीपाला उत्पादकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. कांदा-बटाट्याचा व्यापार १९८१ साली व भाजीपाल्याचा व्यापार १९९६ साली मुंबई शहरातून येथे हलविण्यात आला. जुन्नर-नारायणगाव भागातील माल माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, शिळफाटा व महापे या मार्गाने येतो. नाशिककडील वाहने कसारा घाटातून, तर पुणे-साताऱ्याकडील वाहने खंडाळ्याचा घाट उतरून कळंबोलीमार्गे येतात. भाजीपाल्याची विक्री मध्यरात्रीनंतर सुरू होते व उजाडल्यावर भाव उतरू लागतो. त्यामुळे वाटेत वाहनाने काही तक्रार केलीच, तर "आधी बाजार गाठू, मग पाहू" असा विचार चालकाच्या व मालधन्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पुष्कळशा किरकोळ बिघाडांत हा विचार खपूनही जातो. चालकासमोरील फळीवर तेलाच्या झारीचे चिन्ह असलेला लाल दिवा लागला असता मात्र तो मुळीच खपत नाही.

हा दिवा तेल किती आहे हे सांगत नाही. तेलाचा दाब किती आहे हे सांगतो. हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील तेल पंप जाळीतून खेचून घेतो व फिल्टरमधून गाळून अरुंद वाटांनी क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत, कॅमपर्यंत व टर्बो असल्यास त्याच्या दांड्यापर्यंत पोहोचवितो. क्रँक व बेअरिंग यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असते. त्या फटीत दाबाने शिरलेल्या तेलाच्या पातळ थरावर क्रँक अक्षरशः तरंगत असतो. दाब गेला की थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या गतीने चालणारे इंजिन पाच मिनिटांत दहा हजार वेळा फिरते. एवढ्या वेळात बेअरिंगवरील मऊ धातूचा मुलामा पुसून जातो, क्रँकवर ओरखडे पडतात व अखेर इंजिन जाम होते. टर्बोचा दांडा तर मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो. त्याला तेलाविना काही क्षणही पुरेसे होतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्या चालकांस ठाऊक असते. इंजिन गरम होऊन चांगल्या गतीने चालत असता तेलाचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला दोन ते चार किलोग्रॅमच्या आसपास असतो. इंजिन जागच्या जागी चालू ठेवल्यास तो एक किलोग्रॅमच्या जवळपास उतरतो. लाल दिव्याची कळ मात्र बहुतेक वाहनांत दाब अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून खाली आल्यावरच काम करते. म्हणजे दिवा लागतो तेव्हा इशाऱ्याची वेळ जवळजवळ टळून गेलेली असते. अनेक ट्रॅक्टरांवर दाबाचे काट्याचे मापक असते व काटा हळूहळू उतरताना दिसतो. पिकअप व टेंपोच्या चालकास ती सोय सहसा नसते.

दिवा लागताच ॲक्सिलरेटरवरील पाय काढावा, डावीकडचा इशारा द्यावा व वाहन रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घेऊन पूर्ण थांबवावे. वाहन थांबल्याबरोबर इंजिन बंद करावे. चालत्या वाहनात किल्ली फिरवून इंजिन बंद करणे धोक्याचे आहे, कारण स्टिअरिंग एकाएकी जड होते व ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा ब्रेक दाबताच संपते. किल्ली पूर्ण मागे फिरविल्यास स्टिअरिंगला कुलूपही पडते. थांबण्यास लागणाऱ्या काही सेकंदांत इंजिनाची हानी होईल हे खरे, परंतु माणसांच्या जिवापुढे इंजिनाची किंमत काय! घाटाच्या उतारावर तर "इंजिन बंद करून गाडी पायथ्यापर्यंत सोडू" हा मोह कटाक्षाने टाळावा. हवेच्या ब्रेकच्या मालमोटारीत इंजिन बंद झाले की टाकीत नवी हवा भरत नाही, आणि घाटात असलेली हवा पाहता पाहता संपते. वाहन गिअरमध्येच ठेवून पहिल्या सुरक्षित जागी उभे करावे, हातब्रेक ओढावा व चाकांखाली दगड लावावेत. मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. द्रुतगती मार्गावर सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. वाहनाच्या मागे कोणीही थांबू नये. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

पाच-दहा मिनिटांनी तेल चेंबरमध्ये उतरले की पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी व मग पाहावी. वाहन उतारावर उभे असल्यास पट्टीवरील खूण फसवी असते, हे विसरू नये. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल थोडेथोडे घालून खुणांच्या मध्ये आणावे. त्यानंतर वाहनाखाली वाकून पाहावे. तेलाची धार लागली असेल, चेंबर दगडाला आपटून फुटला असेल किंवा फिल्टर सैल झाला असेल, तर वरून घातलेले तेल खालून निघून जाईल. गळती नसल्यास इंजिन सुरू करावे. दिवा काही सेकंदांत विझला व खडखड आवाज नसेल, तर सावकाश जवळच्या मिस्त्रीपर्यंत जाण्यास हरकत नाही. दिवा विझला नाही तर तत्क्षणी इंजिन बंद करून वाहन ओढूनच न्यावे.

पट्टीवर तेल पुरेसे दिसते व तरीही दिवा लागलेला आहे, ही स्थिती अधिक घातक होय. कारण ती पाहून चालक निश्चिंत होतो. जाळीत काळा गाळ अडकला असेल, पंप झिजला असेल, दाब सोडणारी झडप उघडी राहिली असेल किंवा बेअरिंग झिजून फट वाढली असेल, तर तेल भरपूर असूनही दाब राहत नाही. कळंबोली किंवा शिळफाट्याच्या कोंडीत इंजिन जागच्या जागी चालू असता दिवा मिणमिणतो व गती देताच विझतो, हे झिजलेल्या बेअरिंगचे किंवा पातळ झालेल्या तेलाचे नेहमीचे लक्षण आहे. तेलात डिझेल मिसळल्यास ते पातळ होते, आणि विशेष म्हणजे पट्टीवरील पातळी उलट वाढते! १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या ज्या डिझेल वाहनांत धुरातील काजळी जाळणारी गाळणी आहे, त्यांत गाळणीची सफाई वारंवार अर्धवट राहिल्यास असे घडू शकते. अशा वाहनांना कमी राखेचे तेलच घालावे लागते. दुकानदार देईल ते तेल चालत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून वाहन नेल्यावर तेल दुधासारखे दिसू लागले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून इंजिन सुरूच करू नये.

कधी कधी दोष केवळ कळीचा असतो, हे खरे आहे. कळ स्वस्त असते व बदलणे सोपे असते. परंतु कळ बिघडली की दाब गेला, हे नुसते पाहून कोणासही सांगता येत नाही. मिस्त्रीने कळीच्या जागी काट्याचे मापक लावून, इंजिन गरम असताना, जागच्या गतीवर व वाढविलेल्या गतीवर दाब मोजावा. मालकानेही तसा आग्रह धरावा. दिवा सतावतो म्हणून त्याची तार काढून ठेवणारे महाभाग आढळतात. यासाठी जुने वाहन विकत किंवा भाड्याने घेताना किल्ली फिरवून पाहावी: इंजिन सुरू होण्यापूर्वी लाल दिवा लागलाच पाहिजे व सुरू होताच विझला पाहिजे. मुळीच न लागणारा दिवा शंकास्पद समजावा.

राहिला प्रश्न मालाचा. वाहन थांबताच अडत्यास दूरध्वनीने कळवावे व त्याच मार्गाने येणाऱ्या गावच्या किंवा ओळखीच्या वाहनांचा शोध घ्यावा. सर्व माल हलविता येत नसेल तर मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या जुड्या प्रथम पाठवाव्यात. टोमॅटोचे क्रेट व कोबी काही तास थांबू शकतात, कांदा त्याहून अधिक. मागे राहिलेल्या मालावर ओले गोणपाट टाकून हवा खेळती ठेवावी. कांद्यावर मात्र पाणी पडू देऊ नये. एका रात्रीच्या पालेभाजीचे नुकसान पुढल्या तोडणीत भरून काढता येते. जाम झालेले इंजिन उघडून क्रँक घासून घेण्यात व नवी बेअरिंगे बसविण्यात मात्र वाहन कित्येक दिवस उभे राहते, आणि तेवढ्या दिवसांचा माल दुसऱ्याच्या वाहनाने भाडे देऊन पाठवावा लागतो.

माल भरण्यापूर्वी, वाहन सपाट जागी व इंजिन थंड असताना पट्टी पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. त्याच वेळी वाहन रात्रभर उभे असलेल्या जागेवर तेलाचा काळा डाग पडला आहे काय, हे विजेरीने पाहून घ्यावे. योग्य प्रतीच्या तेलाचा एक बंद डबा व स्वच्छ फडके चालकाच्या बैठकीखाली नेहमी असावे. तेल व फिल्टर बदलण्याचे किलोमीटर पुस्तिकेत दिलेले असतात. परंतु भरलेल्या वाहनाने घाट चढणे व कोंडीत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणे हा कष्टाचा वापर होय. त्यासाठी पुस्तिकेत दिलेले कमी अंतर धरावे व बदलाची तारीख वाहनाच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवावी.