चाकाखालचे गोटे

टायर अंगठ्याने दाबून पाहायचा आणि तो दगडासारखा लागला की सायकल बाहेर काढायची, ही पुण्यातल्या माझ्या लहानपणची रीत. दुकानदार पंप मारत असायचा आणि आम्ही ‘अजून, अजून’ म्हणत असायचो. त्यामुळे आइंडहोवनला लेकीकडे गेले असताना जावयाने माझ्यासाठी आणलेल्या सायकलची हवा मुद्दाम सोडायला घेतली, तेव्हा मी त्याचा हात धरला. “आई, खडीवर जायचंय, मऊच हवी,” तो म्हणाला. चाळीस मिलिमीटर रुंद टायर आणि हवा जेमतेम तीस पौंड! दुसऱ्या दिवशी जंगलात शिरल्यावर त्याचं म्हणणं पटलं. टणक टायर गोट्यावर आपटून उडतो. मऊ टायर गोट्याला पोटात घेतो आणि पुढे सरकतो. त्याचा एक बारीक कुरकुर आवाज येतो. त्या आवाजासाठी मी पुढची चारही वर्षं ऑगस्टमध्ये तिथे गेले आहे.

ग्रॅव्हल बाइकची ओळख थोडक्यात करून देते. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर रुंद, गिअर चढावाला हलके. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ साली कच्च्या रस्त्यांवरची दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि हा प्रकार हळूहळू जगभर गेला. २०२२ साली त्याची पहिली जागतिक स्पर्धा इटलीत झाली, ती बेल्जियमच्या जानी व्हरमीर्शने जिंकली. २०२४ ची स्पर्धा बेल्जियममध्येच, लूव्हेनला संपली. शर्यतींबद्दल एवढं पुरे. मला त्या चाकाखाली काय आहे, यात रस आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, आणि खडीचा रस्ता दिसला की माझी नजर आधी खडीकडे जाते.

आइंडहोवन हॉलंडच्या दक्षिण भागात. शहर मागे पडतं न पडतं तोच लेंडरबॉसचं पाइनचं जंगल लागतं आणि मोटारींचा आवाज विरतो. तासाभरात बेल्जियमच्या सीमेवरचा आखेलचा मठ येतो. लाल विटांचा, शांत. दोन देशांची हद्द त्याच्या आवारातून जाते आणि आज ती कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या महायुद्धात मात्र जर्मनांनी १९१५ साली याच सीमेवर विजेची तार लावली होती. दोन हजार व्होल्टची. बेल्जियममधून निसटून तटस्थ हॉलंडमध्ये जाऊ पाहणारे कितीतरी लोक तिला चिकटून मेले. तारेचा एक तुकडा नमुन्यादाखल पुन्हा उभा केला आहे. मी दर वेळी तिथे उतरते. त्यानंतरचे दोन-तीन किलोमीटर मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

पलीकडे बेल्जियमचा लिम्बुर्ग प्रांत. इथे वाट विचारावी लागत नाही, कारण प्रत्येक फाट्याला एक आकडा आहे. एका फाट्यावर उभं राहिलं की पुढच्या फाट्यांचे आकडे बाणासह दिसतात. सकाळी कागदावर पाच-सात आकडे लिहून घ्यायचे, तो कागद हँडलला चिकटवायचा आणि निघायचं. वाट बदलावीशी वाटली तर दुसरा आकडा धरायचा. ही पद्धत शोधली ह्यूगो बॉलेन या खाण-अभियंत्याने, आणि १९९५ पासून ती लिम्बुर्गमध्ये उभी राहिली. आधी आखून दिलेल्या फेऱ्या असत, प्रत्येक फेरीची पाटी वेगळी. जिथे पाच फेऱ्या एकत्र येत तिथे पाच पाट्यांचं जंगल. बॉलेनने फेऱ्याच काढून टाकल्या आणि फाट्यांना महत्त्व दिलं. पुढे ही पद्धत हॉलंडने उचलली. मला हा माणूस फार मोठा वाटतो. नवख्या प्रवाशाला त्याने परावलंबी ठेवलं नाही.

२७२ क्रमांकाच्या फाट्याजवळ, हेख्टेल-एक्सेलच्या जंगलात, २०१९ साली एक वर्तुळाकार पूल बांधला. शंभर मीटर व्यासाचा, ४४९ लोखंडी खांबांवर पेललेला. चढ इतका हलका की दम लागत नाही, आणि फिरत फिरत आपण दहा मीटर उंचीवर पाइनच्या शेंड्यांत येतो. खांब मुद्दाम खोडांसारखे सडसडीत आहेत.

या पाइनपाशी जरा थांबते. सरळ रांगांत उभी असलेली ही झाडं आपोआप उगवलेली नाहीत. १९०१ साली आन्द्रे द्यूमोंला आस या गावाजवळ अर्ध्या किलोमीटरहून खोल दगडी कोळसा लागला आणि पुढे लिम्बुर्गमध्ये सात खाणी निघाल्या. बोगद्याचं छत पेलायला लाकडाचे टेकू लागत, त्यासाठी पाइनची लागवड वाढली. पाइनच का? तो लवकर आणि सरळ वाढतो, हे खरंच. पण खाणकामगार आणखी एक कारण सांगत : पाइनचा टेकू मोडण्यापूर्वी करकरतो. छत खाली येतंय हे झाड ओरडून सांगतं आणि माणसाला पळायला दोन क्षण मिळतात. हे कळल्यापासून वाऱ्यात पाइनची करकर ऐकली की मी सायकल थांबवते. शेवटची खाण १९९२ साली बंद झाली. कोळशाच्या गाड्या ज्या रुळांवरून जात, त्या मार्गावर आज सायकली धावतात.

तळ्यांचं थोडं सांगते. गेंकजवळ बोक्राइकला ९१ क्रमांकाच्या फाट्यापाशी एका तळ्याच्या मधून वाट जाते. २१२ मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत आणि पाणी थेट डोळ्यांच्या पातळीला. सकाळी सातला जावं. दुपारी फोटो काढणाऱ्यांची रीघ असते आणि वाट वाट राहत नाही. सातला मात्र बदक शेजारून पोहत जातं, अगदी कानाशी. या भागातली शेकडो तळी मध्ययुगात मासे पाळण्यासाठी खोदलेली आहेत.

आता माझ्या आवडीचं. आसच्या पुढे जमीन उंचावते. भोवताली सपाट प्रदेश आणि मधेच सुमारे शंभर मीटर उंचीचं हे पठार. याला कारण खडी! काही लाख वर्षांपूर्वी मास नदी इथून वाहत होती. आर्देनच्या डोंगरांतून तिने गारगोट्या, क्वार्टझाइट, वाटेतल्या चुनखडीतले चकमकीचे दगड आणून इथे पसरले. म्हणजे ही उंच जागा तेव्हा दरीचा तळ होती. पुढे नदी पूर्वेला सरकली, आजूबाजूची मऊ वाळू झिजून गेली, पण गोट्यांचं चिलखत असलेला तळ झिजला नाही. तळ होता तो माथा झाला. फळ्यावर हे मी शेकडो वेळा काढून दाखवलं होतं. स्वतःच्या पायांनी पॅडल मारत त्या माथ्यावर चढले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

आणि हेच गोटे पुढच्या सगळ्याचं मूळ आहेत. खडीत पाणी टिकत नाही, कस नाही, म्हणून इथे मोठी शेती झाली नाही. शेतकरी मेंढ्या चारत, मातीचा गवताळ थर खरवडून गोठ्यात अंथरत आणि शेणखतासह मोजक्या शेतांत नेत. उरलेल्या भुकेल्या जमिनीवर फक्त हेदरचं झुडूप तग धरू शकलं. म्हणजे ऑगस्टमध्ये क्षितिजापर्यंत जांभळं होणारं हे माळरान माणसानेच घडवलेलं आहे, आणि हात काढून घेतला तर त्याचं जंगल होईल. आज हवेतून येणाऱ्या नायट्रोजनमुळे ही जमीन नको तितकी सकस होते आहे आणि गवत हेदरला दाबतं आहे. म्हणून मेंढ्या पुन्हा आणल्या आहेत, थर पुन्हा खरवडले जातात. होखे केम्पेन हे बेल्जियमचं पहिलं राष्ट्रीय उद्यान २००६ साली इथेच झालं. २०२१ मध्ये मेखेलच्या माळावर सुमारे तीनशे मीटरचा लाकडी सायकलपूल आला. पूल देखणा आहे. मला त्याच्याखालची वाट अधिक आवडते. हेदर तिथे पायाला लागतं, मधमाश्यांचा आवाज येतो.

याच माळावर बैठकीएवढाले क्वार्टझाइटचे धोंडे सापडतात. एवढे जड धोंडे वाहत्या पाण्याने कसे आणले? हिमयुगात नदीवरच्या बर्फाच्या लाद्यांत अडकून ते तरंगत आले. काहींवर चौकोनी खळगे असतात, पायराइटचे स्फटिक विरघळून गेल्याच्या खुणा. मी त्या खळग्यांत बोट घालून बसून राहते आणि जावई मुकाट्याने घड्याळ बघतो.

गेल्या वर्षी पठाराच्या पूर्व कडेवरून उताराने थेट मासपर्यंत गेलो. दरीत खडी उपसून झालेली मोठी तळी आहेत. नदी इथे सीमा आहे, आणि जहाजं शेजारच्या कालव्यातून जात असल्याने तिच्यावर वर्दळ नाही. बांध मागे घेऊन तिचं पात्र ठिकठिकाणी रुंद केलं आहे. मेसवाइकला सायकलस्वारांना पलीकडे नेणारी नाव आहे. तिची वाट बघत काठावर बसलो होतो. पाणी उतरलं होतं आणि पात्रात गोट्यांचे ताजे पट्टे पडले होते. एक ओला गोटा उचलला. क्वार्टझाइट होता, आर्देनचा.