वाहते आमिष

तंजावूरच्या राजवाड्यात येणाऱ्या प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधले जाते ते सरस्वती महाल ग्रंथालयाकडे आणि चोलकालीन कांस्यमूर्तींकडे. पण याच राजवाड्यात देवमाशाचा एक प्रचंड सांगाडाही जतन केलेला आहे. हा प्राणी तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागला होता. भाताच्या खाचरांनी वेढलेल्या या नगरात तो सांगाडा पाहताना ध्यानात येते की, तंजावूरचे राज्य केवळ कावेरीचे नव्हते, समुद्राचेही होते. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डॅनिश व्यापाऱ्यांना तरंगमबाडी येथे वसण्याची परवानगी दिली. पुढे व्यंकोजीराजांनी स्थापन केलेल्या मराठी राजवटीतही हा किनारा राज्याच्या इतिहासाशी निगडित राहिला. दुसऱ्या सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला मनोरा आजही पाल्कच्या सामुद्रधुनीकडे तोंड करून उभा आहे.

या किनाऱ्याने जगाला एक शब्द दिला : कट्टुमरम्. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके तासून दोरीने एकत्र बांधले की ही नौका तयार होते. तिला पोकळ उदर नसते. लाट अंगावर आली की पाणी ओंडक्यांमधील फटींतून निघून जाते. त्यामुळे उपसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. किनाऱ्यावर परतल्यानंतर दोऱ्या सोडून ओंडके वाळूत सुकत टाकतात, कारण भिजलेले लाकूड जड होते. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय नौकांच्या घडणीवर लिहिलेल्या प्रबंधातही अशा नौकांचा विचार केला आहे.

उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या कयाकची रचना याहून वेगळी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बसवलेली ती बंद नौका असते. मात्र हौशी मच्छीमार आज वापरतात ती प्लॅस्टिकची, वर बसण्याची कयाक कट्टुमरम्‌ला फार जवळची आहे. तिच्या तळाला आरपार भोके असतात आणि आत आलेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते. दोन्ही नौका हलक्या, ठेंगण्या आणि आवाज न करणाऱ्या आहेत. जिवंत आमिष पाण्याबरोबर वाहू देऊन मासा धरण्याच्या पद्धतीला नेमके हेच गुण लागतात.

कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. गळाला आमिष लावण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळ यांचे विवेचन आहे. तळ्यात रोज एकाच जागी खाद्य टाकले, तर मासे तेथे जमू लागतात. समुद्रात ही सोय नाही. तेथे मासा एका जागी थांबत नाही. म्हणून आमिषानेच प्रवास केला पाहिजे.

या पद्धतीचे सारे मर्म एका वाक्यात सांगता येते : दोरीला बांधलेला छोटा मासा मोकळा आहे, असे मोठ्या माशाला वाटले पाहिजे. पाण्यातील सूक्ष्म कंपने ओळखणारी पार्श्वरेषा माशाच्या दोन्ही कुशींवर असते. कळपातून चुकलेल्या किंवा जखमी माशाची धडपड शिकारी माशाला तिच्यामुळे कळते. तारली किंवा बांगड्याचे पिल्लू गळाला लावतात, ते याच धडपडीसाठी. मेलेले आमिष केवळ वास देते. जिवंत आमिष चाहूलही देते.

म्हणूनच आमिषाचा मासा कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून गेला तर तो लवकर मरतो. त्याला ताज्या पाण्यात ठेवावे लागते. गळ ओठांतून किंवा पाठीच्या परापुढील मांसातून ओवतात. कण्याला धक्का लागता कामा नये. दोरीला शिसे लावायचेच झाले, तर अगदी थोडे लावावे. ज्यादा वजनाने आमिष ओढले जाते आणि फसवणूक उघडी पडते. सुरमईचे दात धारदार असल्याने गळाजवळ तारेचा तुकडा जोडावा लागतो. शिवाय सुरमई पुष्कळदा भक्ष्याची शेपटीच प्रथम तोडते. यासाठी अनुभवी माणूस शेपटीजवळ दुसरा छोटा गळ ठेवतो.

यानंतरचे काम नौकेचे. वल्ही थांबवली की नौकेवर दोन शक्ती कार्य करू लागतात. प्रवाह नौकेला आणि आमिषाला एकाच दिशेने नेतो. वारा मात्र नौकेलाच अधिक ढकलतो, कारण ती पाण्याच्या वर असते. या दोन गतींतील फरक वाढला की दोरी ताणली जाते आणि आमिष फरफटत येते. अशा वेळी कापडाची शंकूच्या आकाराची पिशवी दोरीने पाण्यात सोडतात. तिच्यात पाणी भरून नौकेचा वेग कमी होतो. नांगर नौकेला जमिनीशी बांधतो. ही पिशवी तिला पाण्याशी बांधते. ठेंगण्या नौकेवर वाऱ्याचा जोर मुळातच कमी चालतो, हा तिचा मोठा फायदा होय.

मोठ्या माशाने आमिष धरले की हिसका देण्याची घाई करू नये. बरेच शिकारी मासे भक्ष्य आडवे धरून मग डोक्याकडून गिळतात. टोक आत वळलेला गोल गळ असल्यास दोरी हळूहळू ताणणेच पुरेसे असते. असा गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे नको असलेला मासा जिवंत सोडून देता येतो. नंतर मासा हलकी नौकाच ओढू लागतो. जड होडीवर दोरी तुटली असती. येथे नौकेचे सरकणेच दोरीला वाचवते आणि माशाला दमवते.

पण जी नौका माशामागे सहज जाते, ती वाऱ्यामागेही सहज जाते. चोलमंडलाच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो आणि दुपारी तो समुद्रावरून किनाऱ्याकडे वळतो. कट्टुमरम्‌वरील मच्छीमार पहिल्या वाऱ्याने जातो आणि दुसऱ्याने परततो. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात मात्र हा हिशेब चुकू शकतो. वादळेही याच महिन्यांत येतात. आमिष कोठवर वाहू द्यावे, याचे ज्ञान आपण कोठवर वाहत जावे या ज्ञानाहून वेगळे नाही. पहिले चुकले तर मासा जातो, दुसरे चुकले तर माणूस.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नागपट्टणमच्या किनाऱ्यावर अपरिमित मनुष्यहानी केली आणि असंख्य नौका नष्ट केल्या. त्यानंतर झालेल्या पुनर्वसनात अनेक कट्टुमरम्‌ची जागा फायबरच्या यांत्रिक होड्यांनी घेतली. या होड्या वेगवान आहेत, दूरवर जातात आणि मच्छीमाराचे कष्टही कमी करतात. पण इंजिन बंद करून वाऱ्याचा व प्रवाहाचा अंदाज घेत स्वस्थ बसण्याची गरज त्यांच्यावर क्वचितच पडते. आणि जे ज्ञान रोज लागत नाही, ते पुढच्या पिढीकडे पोहोचत नाही. प्लॅस्टिकच्या कयाकवर बसून प्रथमच आमिष पाण्यात सोडणाऱ्या हौशी माणसाला मात्र त्याच ज्ञानाची गरज भासते. ते ज्यांच्यापाशी आहे, ती माणसे या किनाऱ्यावर अद्याप भेटतात. ओंडके वाळूत सुकवणाऱ्या त्या वृद्धांना आजच विचारून घेणे शहाणपणाचे ठरेल.