काचेपलीकडचं बोलणं

जून संपत आलाय. दर्यापूरच्या एसटी स्टँडवर सकाळीच घामाच्या धारा लागल्यात. रात्रीचा पाऊस माती नुसती वरवर भिजवून गेलाय. विदर्भातल्या शाळा आत्ता कुठे उघडतात, म्हणून अमरावतीच्या गाडीला आज दप्तरं, पत्र्याच्या पेट्या आणि वळकट्यांची गर्दी आहे. भोंगा गाड्या पुकारतोय, इंजिनं धडधडतायत, माणसं एकमेकांच्या कानाशी जाऊन ओरडतायत. ओरडत नाहीत ती फक्त तिघं. बाकावर बसलेल्या दोन मोठ्या मुली आणि त्यांच्यासमोर उभा असलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा. त्यांचे हात चाललेत.

तिघंही अमरावतीच्या एका निवासी शाळेत शिकतात. मुलाचं कानामागचं मशीन रुमालात गुंडाळून खिशात ठेवलंय, घामानं बिघडू नये म्हणून. तो दोन बोटांनी डोक्यावर छोटी शिंगं दाखवतो, पोट फुगवतो, मग दोन बोटं पुढे करतो. त्यातलं एक हळूच मिटतो. मुलींचे चेहरे पडतात. मलाही कळतं : शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, एक गेलं.

त्याची आई पेटीवर बसून हे बघतेय. पेरणीचे दिवस, आजची मजुरी बुडवून आलीय. "घरी हा असा बोलतच नाई, ताई," ती मला म्हणते. "इथं पाहा, कसा भरभर सांगून राह्यला."

घरी मग कसं चालतं, मी विचारते.

"जेव, नीज, पानी आन, बाप आला, एवढं मले येते. बाकीचं थो सांगते अन् मी मान हालवतो."

ती हे सहज बोलून जाते, पण माझ्या मनातून ते जात नाही. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. भाषा घरात मिळते असं आपण धरून चालतो. या मुलांना ती शाळेत भेटते, आणि तीही वर्गापेक्षा वसतिगृहात, मोठ्या मुलांच्या हातांवरून. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात 1970च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा शहरात अशा मुलांसाठी शाळा निघाली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते. मुलं मात्र आपापल्या घरच्या खुणा घेऊन मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये एकत्र आली आणि पाहता पाहता त्यांनी स्वतःची एक पुरी भाषा उभी केली. तिचा अभ्यास करायला जगभरचे भाषातज्ज्ञ आले.

आणि तरीही या हातांना फार सोसावं लागलं आहे. 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांत बोलूनच शिकवावं, हातांची भाषा नको, असा ठराव तिथे झाला. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्याच दशकात मुंबईत आपल्या देशातली पहिली शाळा निघाली. पुढे कितीतरी शाळांतून मुलं हात मागे बांधून बसली. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. एकशेतीस वर्षं! मुलांच्या किती पिढ्या झाल्या असतील त्यात?

गाडी लागते. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मुलींचे वडील सोबत जाणार आहेत, ते पेटी आत चढवतात. आईला मुलाला एकच गोष्ट सांगायची आहे : पोळ्याला घ्यायला येते. ती कपाळाशी मोठी शिंगं दाखवते. मुलगा वळून रस्त्याकडे पाहतो. बैल कुठे आहे? ती पुन्हा शिंगं दाखवते, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवते. मुलगा गोंधळतो. थोरली मुलगी पायरीवरून खाली उतरते. ती शिंगांना रंग लावते, गळ्यात माळा घालते, बैलाला हात जोडते आणि शेवटी बोटांवर महिने मोजते. मुलाचा चेहरा उजळतो. तो आईकडे पाहून विचारतो. हात तिच्याकडे, मग स्वतःकडे. तू येशील? एवढं आईला कळतं. ती जोरजोरात मान हलवते.

पावसाची सर येते, खिडक्या बंद होतात. फलाटावरचे बाकीचे आईबाप काचेवर टकटक करून ओरडतायत, आतून काहीच ऐकू येत नाही. हा मुलगा आणि ही आई मात्र काचेतूनही बोलतायत. तो हातांनी शिंगं रंगवतो, ती त्याच्या मागोमाग तसेच हात फिरवते. ती खूण तिला आत्ता, याच फलाटावर मिळालीय.

गाडी वळून अमरावती रस्त्याला लागते. "मले कोन शिकवन हे?" ती विचारते.

तिचा प्रश्न रास्त आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं 2021पर्यंत दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश तयार केला आहे. तो मोबाइलवर फुकट पाहता येतो, आणि मोबाइल आता गावोगावी आहे. पण कोशातून एकेक शब्द मिळतो. बोलणं शिकायला समोर माणूस लागतं. म्हणून कर्णबधिर मुलांच्या शाळा चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे : मुलाचा प्रवेश घेतानाच आईबापांचंही नाव लिहून घ्या. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांना चार दिवस बोलवा, मजुरी बुडते त्याची सोय करा आणि मोठ्या मुलामुलींनाच त्यांचे शिक्षक करा.