सहायक भूमिकेचे रजतकमळ

बेंगळुरूच्या जयनगरला लागूनच असलेल्या जे. पी. नगरात 'रंगशंकरा' हे नाट्यगृह आहे. पती, कन्नड अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते 2004 मध्ये उभे करणाऱ्या अरुंधती नाग मुंबईच्या मराठी, गुजराती रंगभूमीवर घडलेल्या. 'पा' (2009) या हिंदी चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलीला बोल न लावता तिच्या पाठीशी उभी राहणारी आई त्यांनी साकारली. आक्रस्ताळेपणा नाही, अश्रूंचा पूर नाही. मला ते काम फार मोलाचे वाटते.

सहायक कलाकारांसाठी हे स्वतंत्र पुरस्कार 1984 च्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिल्याच वर्षी 'पार्टी'साठी रोहिणी हट्टंगडी मानकरी ठरल्या. पुढे नाना पाटेकर ('परिंदा'), बेळगावात जन्मलेले अतुल कुलकर्णी ('हे राम', 'चांदनी बार') आणि 'अस्तु'साठी अमृता सुभाष. सर्व भारतीय भाषांतले चित्रपट इथे एकाच स्पर्धेत असतात, म्हणून निवड कठीण. विजेत्याला रजतकमळ आणि रोख रक्कम मिळते. 2022 च्या चित्रपटांपासून ती 2 लाख रुपये आहे.

जयनगरला गेलात तर रंगशंकरातले एखादे नाटक जरूर पाहा.